आप्पांचा मूळ रंग

माणसाने कशावर जळावं याला काही धरबंध असावा. कोणी शेजाऱ्याच्या गाडीवर जळतं, कोणी साडूच्या बंगल्यावर. आप्पा जळत होते ते आपल्या व्याह्यांच्या केसांवर.

व्याही विमानाने जावं लागेल इतक्या लांब राहत होते आणि त्यांचे केस पांढरे होते. नुसतं एवढंच असतं तर आप्पांनी मनावर घेतलं नसतं. पांढऱ्या केसांची माणसं जगात पुष्कळ आहेत आणि त्यातल्या बहुतेकांशी आप्पांचं बरं होतं. पण आप्पांची बायको, जिला सगळी इमारत माई म्हणे, लेकीच्या बाळंतपणासाठी तिकडे गेली होती. रोज संध्याकाळी चेहरा दिसणाऱ्या फोनवर माई नातवाबद्दल बोलत, आणि नातवाबद्दल बोलता बोलता गाडी हमखास व्याह्यांवर येई.

"अहो, व्याही बाळाला मांडीवर घेऊन खिडकीशी बसले ना, की केस नुसते चांदीसारखे चमकतात. इतके रुबाबदार दिसतात!"

"असतील," आप्पा म्हणत.

"असतील काय, आहेत! थांबा, दाखवते."

"नको. डेटा संपतो माझा."

परत येण्याचा विषय काढला की बाळ आडवं येई. आधी बाळाला सर्दी झाली. मग बाळ पालथं पडायला लागलं. मग माई म्हणाल्या, "आता बसायला लागेल हो. तेवढं डोळ्यांनी बघते आणि येते." बाळ बसण्यात माईंची नेमकी काय मदत होणार हे आप्पांना कळेना. बाळं आपली आपण बसतात. इकडे ते स्वतः कधीचे बसून होते, त्यांना बघायला कोणी नव्हतं.

खरं सांगायचं तर आप्पांना माईंची आठवण येत होती. इतकी वर्षं शेजारी असलेल्या माणसाची आठवण कशी काढतात हे त्यांना माहीत नव्हतं, त्यामुळे ती कुठूनही येई. वर्तमानपत्रातली बातमी मोठ्याने वाचून दाखवायची त्यांची सवय. वाचून झाल्यावर "काय म्हणतेस?" असं विचारून ते वर बघत, तर समोर फ्रिज असे. फ्रिजचं कशावरच काही म्हणणं नसे.

आता आप्पांच्या केसांविषयी. ते काळेभोर होते, म्हणजे रंगवलेले होते. हे गुपित आहे असं फक्त आप्पांना वाटे. पुष्कळ वर्षांपूर्वी बढतीच्या मुलाखतीला जाताना माईंनीच म्हटलं होतं, "जरा काळे करून जा, तरतरीत दिसाल." बढती मिळाली आणि रंगही चिकटला. तेव्हापासून दर तिसऱ्या रविवारी सकाळी स्वयंपाकघराच्या दारात लोखंडी स्टूल मांडलं जाई. आप्पांच्या खांद्यांवर काळ्या डागांचा एक म्हातारा टॉवेल येई. कान तुटलेल्या कपात रंग कालवला जाई आणि माई जुन्या टूथब्रशने एकेक भांग पाडत तो लावत जात. मधूनमधून म्हणत, "हलू नका." मग अर्धा तास तसंच बसायचं. माई समोर पाटीतला लसूण सोलत बसत आणि लेकीपासून दूधवाल्यापर्यंत सगळ्या जगाचा हिशोब आप्पांपुढे मांडत. आप्पा "हं" म्हणत. डोक्यावर रंग घेऊन माणूस दुसरं काय करणार?

माई गेल्यावर पहिल्यांदा आप्पांनी एकट्यानेच रंग लावून पाहिला होता. स्वतःच्या डोक्याची मागची बाजू स्वतःला दिसत नाही ही निसर्गाची मोठी चूक आहे असं त्यांचं त्या दिवशी मत झालं. कान, मान आणि अर्धं कपाळ काळं झालं, मागचे केस तसेच राहिले. तरी काही महिने तसंच रेटून शेवटी त्यांनी तो नाद सोडला. हळूहळू केसांच्या मुळाशी पांढरी रेघ वर यायला लागली.

आणि एका संध्याकाळी, व्याह्यांची चांदी ऐकून फोन ठेवल्यावर, आप्पा आरशासमोर जाऊन उभे राहिले. ती पांढरी रेघ त्यांनी चष्मा लावून पाहिली. चांगली होती! चांदीच म्हणायला हरकत नव्हती. म्हणजे हा ऐवज आपल्याकडेही होता आणि इतकी वर्षं आपणच त्यावर डांबर फासत होतो. आप्पांच्या डोळ्यांपुढे चित्रच उभं राहिलं. माई बॅग घेऊन दारात येतात, दार उघडतं, आत चांदीच्या केसांचा एक रुबाबदार पुरुष उभा असतो, आणि तो व्याही नसतो. त्याआधी फोनवर नुसतं सुचवायचं, "तुझ्यासाठी इकडे एक गंमत आहे, येऊन बघ." माईंना गंमत म्हटली की धीर धरवत नाही. बाळाआधी त्याच उठून बसतील.

बेत उत्तम होता. अडचण एकच होती. रंगाच्या खोक्यावर ठळक अक्षरांत 'पक्का' असं लिहिलेलं होतं, आणि आप्पांच्या आयुष्यात खोक्यावर लिहिलेली गोष्ट पहिल्यांदाच खरी निघाली.

समोरच्या दारातले मास्तर निवृत्त विज्ञानशिक्षक होते. निवृत्तीनंतर त्यांच्या विज्ञानाला वर्ग उरला नव्हता, त्यामुळे आप्पांनी विचारताच त्यांनी खुर्ची पुढे ओढली.

"शास्त्र सोपं आहे, आप्पा. रंग एका क्रियेने चढला, तर तो उलट क्रियेने उतरणार. क जीवनसत्त्वाच्या गोळ्या आणा, कुटा, शाम्पूत कालवा, डोक्याला थापा, वरून प्लास्टिकची पिशवी बांधा."

"तुम्ही कोणावर करून पाहिलंय?"

"तत्त्व सिद्ध झाल्यावर प्रयोगाची गरज नसते," मास्तर म्हणाले. मास्तरांना टक्कल होतं, हे आप्पांनी तेव्हाच लक्षात घ्यायला हवं होतं.

औषधवाल्याने गोळ्यांचा ढीग बघून काळजीने विचारलं, "कोणाला काय झालंय?" आप्पांनी "केसांना" असं खरं उत्तर दिलं, तर तो दुखावला आणि पिशवी न देताच पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला. घरी आप्पांनी सगळं यथासांग केलं. पिशवी सोडल्यावर पाहिलं तर काळा रंग जरा खजील होऊन तपकिरी झाला होता. गंजलेल्या गेटचा असतो तसा.

हे खालच्या मजल्यावरच्या वहिनींना कसं कळलं कोण जाणे. त्यांना इमारतीतलं सगळं कळतं; पाण्याचा पंप बिघडायच्या आधी त्यांना कळतो. त्या धुण्याच्या सोड्याचा डबा घेऊनच वर आल्या.

"गोळ्या कसल्या कुटताय भावजी? आमच्या चादरीवर शाई सांडली होती. सोडा आणि भांड्यांचा साबण, दोन धुण्यांत साफ!"

"वहिनी, चादर निराळी. हे डोकं आहे."

"मी काय दोरीवर वाळत घाला म्हणतेय का? नुसतं घासायचं. अंग चोरून नाही हां, दणदणीत घासायचं."

आप्पांनी दणदणीत घासलं. रंग होता तिथेच राहिला, पण केस मात्र केस राहिले नाहीत. ते कुंच्यासारखे उभे राहिले आणि पाणी लावून बसवले तरी आप्पांची पाठ वळताच पुन्हा उठायला लागले. दुसऱ्या दिवशी जिन्यात वहिनींनी ते निरखून पाहिले आणि "चादर सुती होती," एवढं बोलून त्या दार लावून घेऊन आत गेल्या.

शेवटी आप्पा सलूनमध्ये गेले. सलूनवाल्याने भिंतीवर स्वतःची तीन प्रमाणपत्रं आणि परदेशी बायकांचे फोटो लावले होते. त्याने आप्पांचे केस चिमटीत धरले आणि मोटार मेकॅनिक पहिल्यांदा बॉनेट उघडल्यावर करतो तसा 'च्च' केला.

"कोणी केलं हे, काका?"

"शेजाऱ्यांनी," आप्पा म्हणाले.

"काळजीच सोडा. आधी ब्लीच मारू, रंग खेचून काढू, मग वर टोनर. एकदम प्लॅटिनम! काकू ओळखणार नाहीत."

"ओळखायला तर हवं," आप्पा पुटपुटले, पण तोवर गळ्याभोवती कापड आवळलं गेलं होतं. ब्लीचने डोकं असं चुरचुरायला लागलं की आप्पांना पहिल्यांदाच व्याह्यांचा विसर पडला. पुढे आपण इथे कशाला आलो तेही आठवेना. केस धुऊन झाल्यावर सलूनवाल्याने खुर्ची आरशाकडे फिरवली. आरशात पिकलेल्या संत्र्याच्या रंगाचं डोकं असलेला एक गृहस्थ बसला होता. आप्पांनी त्याला बघून शिष्टाचार म्हणून किंचित मान हलवली. त्यानेही हलवली.

"हा मधला टप्पा आहे," सलूनवाला घाईघाईने म्हणाला. "काळ्यातून आधी नारिंगीच निघतं. पण काका, तुमच्या केसांत जीवच नाही राहिला. आज पुढचं केलं तर हातात येतील. महिनाभर थांबायला लागेल."

"महिनाभर असा?"

"नाहीतर मशीन फिरवतो, गोटा. दोन मिनिटांचं काम."

आप्पांनी दोन्ही हातांनी डोकं धरलं. या वयात डोक्यावरून गेलेलं परत येईलच याची कोणी हमी देतं का? उरलेत ते पांढरे दिसावेत एवढीच त्यांची मागणी होती. सलूनवाल्याला दया आली. त्याने जांभळ्या शाम्पूची एक बाटली दिली. "यानं पिवळेपणा मरतो. लावायचा, जरा थांबायचं, धुवायचा."

'जरा' म्हणजे किती, हे विचारायचं आप्पांना सुचलंच नाही, कारण ते त्यांना माहीत होतं. त्यांच्या घरात केसांना काही लावलं की अर्धा तास बसायचं असतं, ही अनेक वर्षांची रीत होती. रविवारी सकाळी त्यांनी स्वयंपाकघराच्या दारात स्टूल मांडलं, खांद्यांवर डागांचा टॉवेल घेतला, कान तुटलेल्या कपात तो शाम्पू ओतला आणि टूथब्रशने जमेल तसा लावला. मग ते बसले. समोरची पाटी रिकामी होती, लसूण नव्हता. घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती. मानेवर एक ओघळ उतरला आणि आप्पांनी सवयीने मान वाकडी केली. आता कोणीतरी 'हलू नका' म्हणायला हवं होतं. कोणी म्हणालं नाही, म्हणून ते आणखी थोडा वेळ बसले.

सलूनवाल्याच्या 'जरा'चा अर्थ दोन मिनिटं असा होता. आप्पा उठले तेव्हा डोक्यावर मुळाशी पांढरी, मध्ये नारिंगी आणि जागोजाग जांभळी अशी वस्ती झाली होती.

सोमवारी ते कानांवर ओढलेली लोकरी टोपी घालून कचेरीत गेले. दिवस उकाड्याचे होते. कचेरीच्या दारात हजेरी घेणारं नवं यंत्र बसवलं होतं. त्याच्यासमोर चेहरा धरायचा आणि त्याने ओळख पटवून आत सोडायचं. मागे भलीमोठी रांग होती. आप्पांनी चेहरा धरला. यंत्राने लाल दिवा लावला.

"साहेब, टोपी," पहारेकरी म्हणाला.

"मला सर्दी आहे."

"त्याला सर्दी कळत नाही, साहेब. टोपी काढल्याशिवाय ते घेत नाही."

मागून कोणीतरी "उरका हो" म्हणालं. आप्पांनी आयुष्यात कोणाची रांग अडवली नव्हती. त्यांनी टोपी काढली. पहारेकऱ्याने का कोण जाणे, सलाम केला. यंत्राने मात्र बराच विचार करून पुन्हा लाल दिवाच लावला.

तिथून त्यांची रवानगी आस्थापना विभागात झाली. तिथल्या कारकुनाला आप्पांनीच कधीकाळी काम शिकवलं होतं, आणि दुर्दैवाने चांगलं शिकवलं होतं. त्याने ओळखपत्रावरचा फोटो आणि आप्पा आळीपाळीने पाहिले.

"यात तफावत आहे, आप्पा. अर्ज द्यावा लागेल. तफावत तात्पुरती आहे की कायमस्वरूपी?"

"तात्पुरती! मी मूळ रंगावर जातोय."

"मूळ रंग कोणता, याचा काही पुरावा?"

आप्पांनी डोकं वाकवून मुळं दाखवली. कारकुनाने ती पाहिली आणि "हे फारच थोडं आहे," असा शेरा मारला. शेवटी प्रकरण साहेबांपर्यंत गेलं. साहेब आप्पांच्या निम्म्या वयाचे होते. त्यांनी दार लावून घेतलं, पाणी मागवलं आणि हळू आवाजात विचारलं, "आप्पा, घरी सगळं ठीक आहे ना? काकू इथे नाहीत म्हणे बरेच दिवस."

साहेब ओरडले असते तर आप्पांनी सहन केलं असतं. तो हळू आवाज मात्र त्यांना सोसेना. "ठीक आहे," असं म्हणून त्यांनी टोपी घातली आणि अर्ध्या दिवसाची रजा टाकून ते घरी आले.

फोनवर गेले काही दिवस आप्पा स्वतःचा चेहरा नाकापासून खालीच दाखवत होते. माईंनी विचारलंही होतं, "अहो, तुम्ही अर्धेच का दिसता?" आप्पांनी सगळा दोष फोनवर टाकला होता. पण त्या दिवशी ते टोपी हातात घेऊन जिना चढत असताना वहिनींनी आपल्या दारातून फोटो काढला आणि इमारतीच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'हे काळजी करण्यासारखं वाटतं.' त्या ग्रुपवर माईही आहेत, हे वहिनींना चांगलंच ठाऊक होतं.

आप्पांनी चप्पल काढली न काढली तोच फोन वाजला.

"टोपी काढा," माई म्हणाल्या.

"अगं, इथे जरा गारठा..."

"काढा म्हणते ना."

आप्पांनी काढली. मग माईंच्या मांडीवरच्या बाळाने त्या डोक्याकडे टक लावून पाहिलं आणि खदखदून हसायला सुरुवात केली. बाळ इतकं कधी हसलं नव्हतं म्हणे. लेक धावत आली, लेकीमागून व्याही आले. चांदीसकट.

"वा, आप्पा!" व्याही म्हणाले. "तुमचं बरं आहे, काहीही करता येतं. माझे तिशीतच पांढरे झाले हो. तुमचे काळे केस बघून आम्ही आपले इथे जळायचो."

ज्याच्यावर आपण जळतो तो आपल्यावर जळत असेल, हे त्यांच्या कधी डोक्यात आलं नव्हतं. इतक्या दिवसांचा राग आता ठेवायचा कुठे? व्याही बाळाला घेऊन गेले आणि माई एकट्या उरल्या.

"कशाला केलंत हे सगळं?" त्यांचा आवाज खाली आला होता.

"तू म्हणालीस ना. चांदीसारखे."

"मी म्हणाले आणि तुम्ही ऐकलंत? इतक्या वर्षांत पहिल्यांदा?"

"गंमत करायची होती. म्हणजे तू बघायला आली असतीस." आप्पांनी टोपीची लोकर नखाने उसवायला घेतली. "मला करमत नाही गं. तू कधी येणार?"

माईंनी पदर चेहऱ्यावरून फिरवला. "बघते," म्हणाल्या. माईंच्या 'बघते'चा अर्थ नाही असा होतो, म्हणून आप्पांनी फोन ठेवून दिला आणि फ्रिजकडे बघत बसले.

पण आठवडा उलटायच्या आत माई दारात उभ्या होत्या. बाळ बसायला लागलं नव्हतं तरी आल्या होत्या. आप्पांनी दार उघडलं तेव्हा त्यांच्या डोक्याला टॉवेल गुंडाळलेला होता. माईंनी बॅग खाली ठेवली, टॉवेल ओढून काढला, त्या डोक्याभोवती एक फेरी मारली आणि म्हणाल्या, "स्टूल आणा. आणि कात्री."

कात्री बराच वेळ चालली. नारिंगी पडलं, जांभळं पडलं, कुंचा पडला. शेवटी उरले ते बोटाच्या पेराहून आखूड, मऊ, पांढरे केस. त्यांत चांदी वगैरे नव्हती, साधे पांढरे होते. माईंनी त्यांवरून तळहात फिरवला आणि म्हणाल्या, "हे तुम्ही आहात होय!" आप्पांना आरशात बघायची गरज वाटली नाही.

मग माईंनी केर काढला. केसांबरोबर तो डागांचा टॉवेल, कान तुटका कप आणि टूथब्रशही केराच्या टोपलीत टाकला. आप्पा स्टुलावरून उठून टोपलीपाशी आले. एवढा उपद्व्याप करताना हा हिशोब त्यांनी केलाच नव्हता. मूळ रंग परत आला होता, म्हणजे तिसरा रविवार गेला होता.

"ते राहू दे ना," ते म्हणाले.

"आता कशाला? सुटलात तुम्ही. मीही सुटले. उभं राहून माझी पाठ भरून यायची."

"मग कधी बोलली नाहीस?"

माई टोपलीशी वाकल्या होत्या, तशाच थांबल्या. "बोलले असते तर बंद नसतं का झालं? एरवी तुम्ही घरात असता कुठे? कचेरी, नाहीतर सोसायटीची मीटिंग, नाहीतर ते वर्तमानपत्र. डोक्याला रंग असला की उठून जाता येत नाही. तेवढं माझं ऐकायला मिळायचात." त्या सरळ उभ्या राहिल्या. "पण तुम्हाला काळेच आवडायचे ना?"

"मला?" आप्पा म्हणाले. "मी तर मुलाखत झाल्यावरच सोडणार होतो."

थोड्या वेळाने आप्पांनी टोपलीतून टॉवेल काढला, झटकला आणि दोरीवर टाकला. माईंनी पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

रविवारी सकाळी आप्पा वर्तमानपत्र घेऊन बाहेरच्या खोलीत बसले होते. तो कितवा रविवार आहे याकडे लक्ष द्यायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं, म्हणजेच ते त्यांना पक्कं माहीत होतं. आतून लोखंडी स्टूल फरशीवर सरकवल्याचा आवाज आला.

"येताय ना?" माई म्हणाल्या.

आप्पा दारात जाऊन उभे राहिले. "आता काय लावायचं?"

"काही नाही. बसा."

आप्पा बसले. माईंनी टॉवेल त्यांच्या खांद्यांवर टाकला, समोर लसणाची पाटी घेतली आणि विमानात शेजारी बसलेल्या बाईपासून सुरुवात केली. ती बाई संपून तिची सून सुरू झाली होती, तेवढ्यात फोन वाजला. लेकीचा होता. तिकडे आरडाओरडा चालला होता. "माई, बसलं! बाळ बसलं! आप्पांना दाखव!"

माई लसूण तसाच टाकून आप्पांच्या मागे आल्या. एका हाताने त्यांनी फोन समोर धरला, दुसरा हात आधारासाठी आप्पांच्या डोक्यावर ठेवला. पडद्यावर उशीला न टेकता एक टकलू बाळ स्वतःच्याच पराक्रमाने चकित होऊन बसलं होतं. नीट बघावं म्हणून आप्पा उठायला लागले.

"हलू नका," माई म्हणाल्या. "इथूनच दिसतंय."

डोक्यावरचा हात तसाच होता. आप्पा हलले नाहीत.